वाट लांबची, पोच लवकर

हां, तर मघाशी मागच्या रांगेतले काका म्हणाले की गूगलवर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को 12,400 किलोमीटरच्या आतबाहेर दाखवतंय, विमान ताशी 900 नं जातं, म्हणजे पावणेचौदा तासांत पोचायला पाहिजे, मग तिकिटावर 16 तास कसे? काका, भागाकार बरोबर आहे तुमचा, पण विमान काय एसटी नाही हो, त्याचा रस्ता म्हणजे हवा, आणि हा रस्ताच हलत असतो.

हा पृथ्वीगोल नातीचा, मागून आणलाय. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आता ताणतो. बघा कुठनं गेला, चीन, सायबेरिया, वरचा बर्फाळ समुद्र, मग अलास्काकडनं खाली. गूगलचा आकडा या दोऱ्याचा. पण दोरा पहिल्या झटक्यात हिमालय-तिबेटवर चढतो, आणि तिथं केबिनमधली हवा गेली तर विमानाला झटकन 3 किलोमीटर उंचीवर यावं लागतं, नि खाली तर डोंगरच त्याहून उंच. म्हणून वळसा.

खरी मजा वाऱ्याची. 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात ताशी दीडदोनशेच्या वर सहज जातो. एअर इंडियाची ही फ्लाइट आधी अटलांटिकवरनं जायची, 13,900 किलोमीटर, तोंडावर वारा घेत. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ती उलट्या अंगानं पॅसिफिकवरनं नेली, 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 जास्त, आणि तरी पोचली साडेचौदा तासांत, जवळजवळ दोन तास आधी! आता करा काका भागाकार, ताशी 1,050 च्या वर. आणि येताना परत पूर्वेलाच, अटलांटिकवरनं, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच झाली की.

मी त्या वाटेनं गेलो तेव्हा जपानच्या पुढे समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं विमानाचा वेग, ताशी 1,140 झाला, मी जेवणाचं फॉइल अर्धं उघडून तसाच बघत बसलो, सौ. म्हणाली भात गार होतोय. इंजिन नेहमीसारखंच चाललं होतं बरं का, वाढलेलं सगळं वाऱ्याचं. (पृथ्वी खालून फिरते म्हणून लवकर पोचतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते सोडून द्या, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते.)

एका ताईंची चिठ्ठी आलीय, अंगारकीला निघतोय, उपास कधी सोडायचा? ताई, या पॅसिफिकच्या वाटेनं उन्हाळ्यात मंगळवारी पहाटे 4 ला दिल्लीहून उडालात तर साडेचौदा तासांनी तिथं उतरताना मंगळवारचेच सकाळचे 6 वाजलेले असणार, तारीखरेषा ओलांडली ना! तुमचा मंगळवार साडेछत्तीस तासांचा. चंद्रोदय इथला धरायचा की तिथला ते गुरुजींना विचारा, मी आपला विमानापुरता.