तीन मिनिटांची वाळू

टीव्हीचा आवाज बंद आहे. पडद्यावर फुटबॉलचा सामना रंगलाय, आणि समोर बसलेली मुलगी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बोलतेय. "पास... पुन्हा पास... वा, काय सुंदर पास!" पाच मिनिटांनी ती थांबते आणि डोळे मिटून स्वतःचंच बोलणं ऐकते. चेंडू मैदानात कुठे आहे? कोणाच्या पायाशी आहे? गोल किती झालेत? बोलण्यात उत्साह ओसंडून वाहतोय, पण यातलं काहीच कळत नाही.

समालोचन शिकायला बसलेले बहुतेक जण इथेच अडखळतात. आपल्याला दिसतंय ते ऐकणाऱ्यालाही दिसतंय, असं धरून चालतात.

जानेवारी १९२७. ट्विकनहॅमच्या मैदानावर इंग्लंड विरुद्ध वेल्स, रग्बीचा सामना. त्याचं धावतं वर्णन बीबीसी रेडिओवरून ऐकवणार होती. माइकसमोर होते टेडी वेकलम, स्वतः रग्बी खेळलेले. असं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. निर्मात्यानं काय करावं? त्यांच्याजवळ एका अंध माणसाला आणून बसवलं. सामना फक्त यांना सांगा, एवढंच! लाखोंशी बोलायचं दडपण गेलं, समोर उरला एकच माणूस, ज्याला खेळ आवडतो पण दिसत नाही.

त्याच महिन्यात आर्सेनल आणि शेफिल्ड युनायटेडचा फुटबॉल सामना रेडिओवर आला. त्यासाठी ऐकणाऱ्यांसमोर ठेवायला मैदानाचा, चौकोन आखलेला नकाशा छापला होता. वेकलम खेळ सांगत, आणि त्यांचा सहकारी चेंडू कोणत्या चौकोनात आहे त्याचा आकडा पुकारत असे. आज नकाशा नाही, पण तो मनात आखावाच लागतो. डावी बगल, उजवी बगल, मध्यरेषा, गोलपासूनचं अंतर. जागा आधी सांगितली की पुढचं सगळं ऐकणारा स्वतः रंगवतो.

मराठीत बोलणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "उजव्या बगलेतून आलेल्या पासवर नऊ नंबरच्या खेळाडूनं हेडरनं गोल केला" हे म्हणून होईस्तोवर प्रेक्षकांचा जल्लोष ओसरायला लागलेला असतो. म्हणून वाक्य मोडायचं. "उजवीकडून पास... नऊ नंबर... हेडर... गोल!" व्याकरणाचे मास्तर रागावतील, पण चेंडू थांबत नाही.

आणि स्कोर. अमेरिकेत बेसबॉलचं वर्णन करणारे रेड बार्बर समोर वाळूचं छोटं घड्याळ ठेवत. अंडी उकडताना लावतात ते, तीन मिनिटांचं. वाळू खाली आली की स्कोर सांगायचा, घड्याळ उलटं करायचं. कारण रेडिओ कोणीतरी आत्ता, या क्षणी लावलेला असतो. शिकणाऱ्यानं सगळ्यात आधी कोणती सवय उचलावी, असं विचाराल तर मी हीच सांगेन.

तयारी मात्र सामन्याच्या कितीतरी आधी सुरू होते. एका पुठ्ठ्यावर दोन्ही संघ, प्रत्येकाचा नंबर, नाव, दोन-तीन नोंदी. नावाचा उच्चार संघातल्याच कोणाला तरी विचारून घ्यावा. त्या खेळाडूचे आईवडील ऐकत असतील, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जमवलेल्या माहितीतली निम्म्याहून अधिक न वापरता घरी परत न्यावी लागते, आणि मेहनतीनं गोळा केलेलं गिळून टाकणं खरंच जिवावर येतं.

गप्प राहणं त्याहून कठीण. बार्बर यांच्या हाताखाली तयार झालेले व्हिन स्कली. ८ एप्रिल १९७४ला बेसबॉलपटू हँक आरननं कारकिर्दीतला ७१५वा होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणारा फटका, मारला आणि जुन्या काळचा नामवंत खेळाडू बेब रूथ याचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला. स्कलींनी चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगितलं, आणि ते माइकपासून बाजूला झाले. नंतर ऐकू येत राहिला फक्त मैदानाचा गजर. त्या गर्दीहून मोठं बोलता येणार नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगलं होतं.

मुलीनं पुन्हा तोच सामना लावलाय. आवाज बंदच. या वेळी शेजारी तीन मिनिटांवर लावलेलं घड्याळ आहे.

"चेंडू मध्यरेषेवर, निळ्यांकडे. डावीकडे पास... सात नंबर... एकाला चकवलं... गोलपासून वीस मीटर..."

घड्याळ वाजतं.

"निळे शून्य, पांढरे एक."