कुंडलिका : वीजघरातून सुटलेले पाणी (माहितीपटाचे निवेदन)

सकाळचे साडेआठ वाजत आले आहेत. रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळच्या साजे गावाच्या उतारावर, कुंडलिका नदीच्या काठी, राफ्ट म्हणजे हवा भरलेल्या होड्या आणून ठेवल्या आहेत, सर्वांनी लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवले आहे, आणि तरीही कोणी नदीत उतरत नाही, कारण उतरण्याजोगे पाणीच अजून आलेले नाही. समोर उघडे पडलेले काळे धोंडे दिसतात आणि त्यांच्यामधून वाट काढणारी ओढ्याएवढी धार. गाईड पुन्हा पुन्हा काठच्या एका खडकाकडे पाहतो आहे. त्या खडकावरची शेवाळाची रेघ बुडाली की निघायचे, असा त्याचा साधा हिशेब आहे.

एप्रिल महिन्यात कोकणातील बहुतेक नद्यांच्या वरच्या अंगाची पात्रे कोरडी पडतात. कुंडलिकेचा हा पट्टा मात्र उन्हाळ्यातही वाहता राहतो, आणि त्याचे कारण शोधायचे तर सह्याद्रीचा कडा चढून पुणे जिल्ह्यात जावे लागते.

आकाशातून दिसणारा हा मुळशीचा जलाशय. मुळा नदीचे हे पाणी आपल्या उताराने गेले असते, तर मुठा, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळाले असते. टाटांच्या जलविद्युत योजनेने त्याला पश्चिमेकडे वळवले. जलाशयातील पाणी डोंगराच्या आतून आणि मग कड्यावरून उतरणाऱ्या पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येते. नळाच्या तोंडाशी त्याची बारीक, जोरकस धार केली जाते, ती धार चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळते, चाक फिरते आणि वीज तयार होते. १९२७ पासून हे काम चालू आहे. भिऱ्याखाली अडवलेले हेच पाणी पुढे रवाळजे येथे आणखी एकदा वीज देते आणि मगच नदीच्या पात्रात मोकळे होते. मुंबईला विजेची गरज जास्त, तेव्हा कुंडलिकेला पाणी जास्त, असा हा सरळ संबंध आहे. या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला होता आणि पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झाले, आणि खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली.

रेघ बुडाली आहे. पाण्याचा आवाज बदलला आहे.

निघण्यापूर्वीची ही पाच मिनिटे आम्ही मुद्दाम पूर्ण ठेवली आहेत. गाईड प्रत्येकाच्या जॅकेटच्या खांद्यापाशी बोटे अडकवून ते वर ओढून पाहतो. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर पट्टे पुन्हा आवळतो. राफ्टच्या मधल्या फुगीर नळीखाली पाऊल कसे खुपसायचे, हे तो स्वतः बसून दाखवतो. वल्ह्याच्या वरच्या टोकावरील आडव्या मुठीवरून हात काढायचा नाही, ही सूचना तो तीनदा देतो, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते आणि राफ्टिंगमधील कितीतरी दुखापती नदीमुळे नव्हे, या मुठीमुळे होतात. गाईडांपैकी काही जण ऋषिकेशच्या गंगेवर तयार होऊन आलेले आहेत, काही याच काठावरच्या गावांत वाढलेले आहेत. जाहिरातींत लाटा दिसतात, उड्या दिसतात. मागे बसून राफ्ट वळवणारा हा माणूस सहसा चौकटीबाहेरच राहतो.

साजे ते कामत गाव हे अंतर साधारण १२ किलोमीटरचे आहे. रॅपिड, म्हणजे पाण्याचे खळाळते उतार, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे : नवख्याला झेपतील, पण बेफिकिरी खपवून घेणार नाहीत असे. पहिल्या उतारावर राफ्टचे नाक लाटेत शिरते आणि पुढे बसलेले दोघे क्षणभर दिसेनासे होतात. ‘फॉरवर्ड’ ही हाक ऐकली की सहा वल्ही एकदम पाण्यात पडायला हवीत. येथे चार पडली आहेत, आणि राफ्ट आडवी झाली आहे. आडव्या राफ्टला लाट उलटवू शकते. गाईडने आपले वल्हे सुकाणूसारखे मागे रोवले आहे आणि केवळ शरीराचा भार टाकून त्याने ती सरळ केली आहे. याच खडकाजवळ अर्ध्या फुटाने पाणी कमी असते, तर ही वाट बंद असती आणि त्याला डावीकडून जावे लागले असते. रोजच्या विसर्गाप्रमाणे नदी बदलते, म्हणून ती रोज नव्याने वाचावी लागते.

कामतला राफ्ट बाहेर निघतात. त्यांतील हवा सोडून, घड्या घालून त्या जीपच्या टपावर बांधल्या जातात. पाणी पुढे रोह्याच्या कारखान्यांजवळून रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. तेथील पाण्याची अवस्था काठावरचे मासेमार जाणतात.

दुपारी आम्ही पुन्हा साजेच्या उतारावर येतो. विसर्ग थांबलेला आहे. खडकावरची रेघ पुन्हा वर आली आहे, अजून ओली आहे.