अनशापोटीच्या गोळ्या आणि ठिसूळ हाडं

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका फिजिशियन बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'अ‍ॅसिडिटी असताना ऑस्टिओपोरोसिसचे उपचार'. हाडं ठिसूळ का होतात, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कशी करतात, तिचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात, हे सगळं मागच्या सभेत तुम्ही ऐकलंय. त्यात वेळ घालवत नाही. मी सरळ माझ्या तक्रारीवर येते.

हाडांची गोळी लिहून देणारे डॉक्टर वेगळे, अ‍ॅसिडिटीची गोळी देणारे वेगळे, थायरॉइडचे तिसरे. प्रत्येकाची फाइल वेगळी. गोळ्या मात्र एकाच पोटात जातात, आणि त्या सगळ्या एकत्र मांडून कुणी वाचत नाही. निम्मा घोटाळा इथेच होतो, असं माझं ठाम मत आहे.

जरा हात वर करा बघू. रोज सकाळी पॅन्टोप्राझोल किंवा तसलीच पित्ताची गोळी कोण कोण घेतं? बघा, अर्धं सभागृह. आता यातल्या किती जणांना 'इतके दिवस घ्या आणि मग बंद करा' असं सांगितलं होतं? मागे एक काका आहेत. बाकी सगळ्यांना केमिस्ट ओळखतो, पाकीट दाखवलं की पुढचं पाकीट मिळतं. हो ना?

एका बाईंची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. माझ्याकडे बीपीसाठी यायच्या. एकदा उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, हल्ली माझे सगळे परकर लांब व्हायला लागलेत. दोनदा आखूड करून आणले." मी त्यांना परत बसवलं. बायांनो, परकर लांब होत नाहीत, उंची कमी होते. शाळेत असताना नोंदवलेली उंची त्यांना पाठ होती. भिंतीपाशी उभं करून मोजली, तर जवळजवळ दोन इंच कमी भरली. एक्स-रे काढला. पाठीचे दोन मणके दबलेले. पडल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. पाठ दुखते ती वयामुळे, असं घरचे म्हणत होते आणि त्याही तेच धरून बसल्या होत्या.

मी विचारलं, हाडांचं औषध कधी दिलं होतं का? तर हो. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, लिहून दिलं होतं. मग काय झालं? "छातीत आग व्हायची हो. सोडून दिली." कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. ज्यांनी गोळी दिली त्यांना वाटत होतं बाई गोळी घेताहेत.

मी म्हटलं, गोळी कशी घेत होता ते क्रमाने सांगा. ऐका हं, कारण इथल्या कितीतरी जणी अशीच घेतात. विसरायला नको म्हणून गुरुवार ठरवलेला, उपवासाचा. पहाटे जाग आली की उशाच्या तांब्यातलं घोटभर पाणी, त्याबरोबर गोळी. मग दूधवाला येईपर्यंत परत आडवं व्हायचं. दूध आलं की चहा. चहानंतर कॅल्शियमची गोळी, तीही लगेच, म्हणजे लक्षात राहते. मग देवपूजा, म्हणजे वाकून देव घासणं आणि रांगोळी.

यातली एकही पायरी बरोबर नव्हती, आणि बाईंचा त्यात काहीही दोष नव्हता. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं : 'आठवड्यातून एकदा, अनशापोटी'. आणि आपल्याकडे गोळी म्हणजे घोटभर पाणी हे लहानपणापासून ठरलेलं असतं.

हे औषध मुळात शोषलंच जातं फार थोडं. नियम पाळून घेतली तरी गोळीतला एक टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही. पोटात काही खाल्लेलं असलं की तेवढंही पोचत नाही. कॉफी किंवा संत्र्याचा रस घेतला तर सुमारे ६० टक्के घट होते. दूध, कॅल्शियम, अँटासिडची बाटली, यांच्याशी तर ते चिकटूनच बसतं. म्हणजे दूध घातलेला चहा पाठोपाठ गेला की गोळी घेतली न घेतली सारखंच. हाडाला फायदा शून्य, आणि अन्ननलिकेला त्रास मात्र पुरा.

तो त्रास का होतो? गोळी कमी पाण्याबरोबर घेतली, वर आडवं झालं, की ती अन्ननलिकेत अडकते किंवा जठरातल्या आम्लाबरोबर वर येते आणि आतल्या अस्तराला जखम करते. हे औषध १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि १९९६ सालीच 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात अन्ननलिकेला झालेल्या जखमांचे अहवाल आले. त्यातल्या कित्येकांनी गोळी फार कमी पाण्याबरोबर घेतली होती, किंवा घेऊन लगेच आडवे झाले होते. ते सगळे नियम त्यातून पक्के झाले.

पुढे काय झालं ते ऐका. आग व्हायला लागल्यावर बाई दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी पॅन्टोप्राझोल दिलं. दुसरी कुठली गोळी चालू आहे का, हे विचारलं नाही. हाडांची गोळी बाईंनी आपणहून बंद केली आणि पित्ताची दोन वर्षं चालू ठेवली. मला याचा खरोखर संताप येतो.

कारण पित्ताच्या या गोळ्यांची हाडांशी गाठ आहे. जास्त मात्रेत किंवा वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांत फ्रॅक्चरचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१० साली दिला. २०११ साली डेन्मार्कमधला एक अभ्यास आला : अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्या वयस्कर माणसांत, जे सोबत या गोळ्याही घेत होते त्यांना खुब्याच्या फ्रॅक्चरपासून मिळणारं संरक्षण कमी दिसलं. ही निरीक्षणं आहेत, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. म्हणून उद्या सकाळी उठून पित्ताची गोळी फेकून देऊ नका. एकदम बंद केली तर आम्ल उसळून येतं आणि जळजळ आधीपेक्षा वाढते. ज्यांना अल्सर होऊन गेलाय, जे अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेतात, ज्यांच्या अन्ननलिकेला सूज आहे, त्यांना ती गोळी खरोखर लागते. डॉक्टरांना एवढंच विचारा : मला ही कशासाठी, आणि किती दिवस?

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मणके दबले की पाठीला पोक येतं, छातीचा पिंजरा पोटावर टेकतो, जठर वर ढकललं जातं, आणि आंबट पाणी घशाशी येणं वाढतं. म्हणजे हाडांचा उपचार टाळला तर अ‍ॅसिडिटीसुद्धा वाढू शकते. पोट सांभाळायचं म्हणून हाडं सोडून दिली, तर पोटही सांभाळलं जात नाही.

सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. खरा विषय आता पटापट सांगते, लिहून घ्या.

जळजळ अधूनमधून असेल, आटोक्यात असेल, गिळायला त्रास नसेल, तर हाडांची गोळी घेता येते. सकाळी सगळ्यात आधी तीच. भरलेला पेला साधं पाणी, २०० मिलिलिटर तरी. बोअरचं जड पाणी नको, त्यात कॅल्शियम असतं. पुढचा अर्धा तास बसा, उभे राहा, चाला. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. पूजा, रांगोळी, सूर्यनमस्कार नंतर. पहिला घास खाईपर्यंत झोपायचं नाही. चहासुद्धा त्या अर्ध्या तासानंतरच. थायरॉइडची गोळी असेल तर त्या दिवशी क्रम कसा लावायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, पित्ताची गोळी संध्याकाळच्या जेवणाआधी घेता येते का तेही विचारा. गिळताना दुखलं, अडकलं, जळजळ नव्याने सुरू झाली किंवा वाढली, तर गोळी थांबवा आणि त्याच आठवड्यात ज्यांनी दिली त्यांना कळवा.

अन्ननलिका अरुंद झालेली असेल, अन्न खाली सरकायला अडचण असेल, बॅरेटचा बदल, म्हणजे आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल, सांगितला असेल, किंवा अर्धा तास ताठ बसताच येत नसेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. महिन्यातून एकदा घ्यायची आयबँड्रोनेटही त्याच घराण्यातली, नियम तेच, थांबायचं मात्र तासभर.

मग दुसरा रस्ता. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा सलाइनमधून, निदान १५ मिनिटांत सावकाश. अन्ननलिकेशी संबंधच नाही. या औषधाच्या २००७ सालच्या 'हॉरिझन' नावाच्या चाचणीत तीन वर्षांत मणक्यांचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायचं, मूत्रपिंड अशक्त असेल तर हे द्यायचं नाही. दात काढायचा असेल तर तो आधी उरकून घ्या. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, पॅरासिटामॉलने उतरते. त्या बाईंना मी हेच दिलं.

तिसरा रस्ता डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. मूत्रपिंड कमजोर असेल तरी कॅल्शियमवर लक्ष ठेवून देता येतं. पण याची तारीख चुकवायची नाही. मध्येच सोडलं तर हाडाची झीज उलटून येते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. नातवाच्या मुंजीसाठी पुढे ढकललं, असं चालत नाही. टेरिपॅराटाइड हे रोजचं पेनचं इंजेक्शन, हाड नवं घडवणारं, महाग, फ्रीजमध्ये ठेवायचं. ते फार गंभीर केसेससाठी.

कॅल्शियम. पित्ताची गोळी चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, त्याला आम्ल लागतं. जेवणाबरोबर घ्या, किंवा कॅल्शियम सायट्रेट मागा. आणि सगळ्या पाकिटांचे फोटो नको, पाकिटंच पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ओता.

एक प्रश्न आलाय : 'गोळी बंद करून नाचणी आणि डिंकाचे लाडू खाल्ले तर चालेल का?' काकू, नाचणी उत्तमच, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. भाकरी दुपारी खा. लाडू रात्री झोपताना नको, तुपाने जळजळ वाढेल. पण मणका दबलेला असेल, तर हे सगळं औषधाबरोबर, औषधाऐवजी नाही. बाकीच्या चिठ्ठ्या चहाच्या वेळी घेऊ या.