पहिली चक्कर काउंटीच्या कचेरीत

नमस्कार मंडळी. अमेरिकेत येऊन परसातल्या मेथी-कोथिंबिरीपासून सुरुवात केली आणि बघता बघता पाच-दहा एकरांपर्यंत पोचलात, अशा तुम्हा सगळ्यांशी आज बोलायचं आहे.

परवा एका ताईंचा फोन आला. "दादा, प्लास्टिकच्या शेडला सरकार पैसे देतं म्हणे. अर्ज कुठे मिळतो?" मी म्हटलं, "अर्ज राहू द्या, फार्म नंबर काढलात का?" ताई गप्प.

गावाकडे सातबाऱ्याशिवाय कुठलंच काम पुढे सरकत नाही, हे आपल्याला पाठ आहे. इथे फार्म नंबरचं तसंच. तो मालकीचा पुरावा नव्हे, पण त्याच्याशिवाय योजनेचं दार उघडत नाही. तो देते फार्म सर्व्हिस एजन्सी. केंद्रीय शेती खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, सेवा केंद्रात तिची कचेरी असते. आपल्या काउंटीत केंद्र नसेल तर शेजारच्या काउंटीतून काम चालतं. फार्मर्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर राज्य आणि काउंटी निवडली की पत्ता आणि फोन मिळतो. फोन करून वेळ ठरवा. जाताना जमिनीचं खरेदीखत न्या, जमीन कसायला घेतली असेल तर भाडेकरार न्या. सोबत ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. तिथे एक हमीपत्रही भरून घेतात: धूप होणारी जमीन आराखड्याशिवाय नांगरणार नाही, पाणथळ जागा बुजवणार नाही. वाचूनच सही करा.

त्याच केंद्रात बहुधा दुसरं टेबल असतं नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिसचं. माझा जीव या टेबलावर आहे. 1930 च्या दशकात इथल्या मैदानी मुलखात नांगरलेली माती वाऱ्यावर उडाली, दिवसा अंधार झाला. त्यातून 1935 साली मृदसंधारणाचा कायदा झाला आणि हे खातं उभं राहिलं. आजही त्यांचा माणूस एक पैसा न घेता तुमच्या बांधावर येतो.

माझ्याकडे आला तेव्हा त्याने आधी कागद काढलाच नाही. उतारावर फावडं मारलं, वीतभर ढेकूळ उचललं, माझ्या तळहातावर फोडलं. वरचा थर पोह्याच्या पापडासारखा कडक, खाली गांडुळाचं एक भोक नाही. म्हणाला, पाणी आत मुरतच नाही, म्हणून ओघळ पडतात. तिथे आच्छादनाचं पीक घे, आणि ओघळीच्या जागी गवताचा रुंद पट्टा ठेव.

पण ते ऐकायच्या आधीच मी एक चूक करून बसलो होतो. शेजाऱ्याचं यंत्र फुकट मिळत होतं, म्हणून ओघळीत दगड भरून टाकले. करारावर सही होण्याआधी सुरू केलेल्या कामाला मदत मिळत नाही, हा इथला पक्का नियम. दगडांचा खर्च माझ्या खिशातून गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या वादळी पावसाने दगडही गेले. म्हणून कळकळीने सांगतो, सही होईपर्यंत कुदळ लावू नका.

ताईंना हवी असलेली योजना याच टेबलावर मिळते. ती म्हणजे इक्विप, पूर्ण नाव एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्राम. शेड म्हणजे हाय टनेल, गवती पट्टे, आच्छादन पिकं, कुंपण, पाण्याची सोय, अशी कितीतरी कामं तिच्यात बसतात. मदत साधारण खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत. शेती सुरू करून 10 वर्षं झाली नसतील तर 90 टक्क्यांपर्यंत, आणि त्यातली निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. आपल्यातले बरेच जण या नवशिक्यांच्या यादीत बसतात, पण ते अर्जात स्वतःहून नोंदवावं लागतं. अर्ज वर्षभर घेतात, मात्र ठरावीक तारखेला गुण लावून निवड होते. यंदा नंबर लागला नाही तर अर्ज पुढच्या फेरीसाठी ठेवायला सांगा.

जमीन 10 ते 15 वर्षं पिकाबाहेर ठेवायची आणि सरकारने त्याचं दरवर्षी भाडं द्यायचं, अशी सीआरपी (कन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम) योजनाही आहे, पण ती पूर्वी पिकं घेतलेल्या जमिनीसाठी. आपल्या लहान तुकड्यांना ती क्वचितच लागू पडते.

आणि त्या माणसाला शेतावर बोलावताना जमलं तर मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी बोलवा. पाणी कुठून धावलं, माती कुठे साचली, ते ओल्या रानात बोट ठेवून दाखवता येतं.