अडलेलं बोनेट

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या वर्षी ऐन नवतप्यात मी माझ्या गाडीचं बोनेट उघडायला गेले. गाडी 20 वर्षांची, प्रतापनगरात आमच्या घरासमोर कडुनिंबाखाली उभी असते. रेडिएटरचं पाणी पाहायचं होतं. नागपुरात पारा 45 वर गेला की हे काम उद्यावर टाकता येत नाही. स्टिअरिंगखालचा खटका ओढला. एरवी 'खट्' वाजतं आणि बोनेट बोटभर वर येतं. त्या दिवशी काहीच नाही. पुन्हा ओढला. मग पाय रोवून ओढला, तर खटक्याचं प्लॅस्टिकच हातात आलं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातले भाऊ आले. तुकडा पाहून म्हणाले, "ताई, लॉक कोरडं पडलं, अन् तुम्ही खटक्यावर काऊन राग काढून राहिल्या?"

खरंच होतं ते. खटक्यापासून समोरच्या जाळीमागच्या लॉकपर्यंत एक केबल जाते. सायकलच्या ब्रेकची असते तशीच, बाहेर नळी आणि आत पोलादी तार. खटका ओढला की तार लॉकची जीभ बाजूला सारते आणि स्प्रिंग बोनेटला वर ढकलते. हे लॉक बसवलेलं असतं गाडीच्या अगदी तोंडाशी, म्हणजे समोरून येणारी सगळी धूळ त्याच्या वाट्याला. आणि आपल्याकडे सिमेंट रोडची कामं संपली, असं कधी ऐकलंय का? उन्हाळ्यात ग्रीस वाळतं, त्यात धूळ बसून ते घट्ट होतं, वरून मृगाचा पाऊस आला की गंज धरतो. जीभ जड होते. आपण मात्र इकडे बसून जोर लावतो आणि धडधाकट तार तोडून ठेवतो.

म्हणून आधी खटका हलक्या हातानं ओढून पाहा. घट्ट लागत असेल, तर बहुधा लॉक किंवा केबल जाम आहे. अगदीच ढिला, काही ओढल्यासारखं वाटतच नाही असा असेल, तर तार तुटली किंवा टोकाशी निसटली.

घट्ट असेल तर दोन माणसं लागतात. एकानं खटका ओढून धरायचा. हिसके द्यायचे नाहीत, नुसता धरून ठेवायचा. दुसऱ्यानं बोनेटच्या पुढच्या कडेला, लॉकच्या बरोबर वर, उघड्या तळव्यानं खाली दाबायचं, दोन-चार थापा द्यायच्या. हात आपोआप बोनेट वर खेचायला जातो, तिथंच फसगत होते. वर खेचलं की बोनेटचा हूक जिभेवर आणखी आवळतो. खाली दाबलं की तो भार सुटतो आणि जीभ सरकते. फटीत पेचकस घालून उचकटायला मात्र जाऊ नका, पत्रा वाकला की वाकला.

माझ्याकडे तर खटकाच उरला नव्हता. भाऊंनी तारेचं टोक पक्कडीत धरलं आणि माझ्या मुलाला थापा मारायला लावलं. तिसऱ्या थापेला खट्!

तार पुढे लॉकजवळ तुटली असेल, तर जाळीतून किंवा खालून लांब पेचकस घालून जीभ ढकलावी लागते. इंजिन पूर्ण थंड झालेलं हवं. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर शिरायचंच नाही. एवढ्यासाठी मी तरी गॅरेज गाठेन.

बरं, बोनेट उघडल्याच्या आनंदात ते लगेच आपटून बंद करू नका. आम्ही तेच करणार होतो, भाऊंनी हात धरला. जुन्या टूथब्रशनं आणि थोड्या रॉकेलनं लॉक घासून काढलं, पुसलं, नवं ग्रीस लावलं. दुसरा छोटा हूक असतो ना, बोनेट अर्धवट उघडल्यावर बोटानं सोडवतो तो, त्यालाही लावलं. लॉक दगा देतं तेव्हा भर रस्त्यात बोनेट काचेवर येऊ न देणारा तोच.

केबल बदलताना त्यांनी एक गंमत केली. जुनीच्या टोकाला सुतळी बांधून मग ती ओढून काढली. सुतळी वाटेत राहिली, तिला नवी केबल बांधली आणि परत ओढून घेतली. डॅशबोर्ड खोलायची वेळच आली नाही.

मग बोनेट उघडंच ठेवून पेचकसानं लॉकची जीभ बंद स्थितीत दाबली आणि मुलाला आतून नवा खटका ओढायला सांगितलं. जीभ सुटली. असं पाच-सहा वेळा केल्यावरच बोनेट खाली आलं.

जाताना भाऊंनी लॉकला एक पातळ तार अडकवून तिचं टोक आत, बाहेरून दिसणार नाही असं वळवून ठेवलं. "हे काय?" मी विचारलं.

"पुढच्या नवतप्यासाठी," ते म्हणाले, "तुमचा काही भरोसा नाही, ताई."