खिशात परत जाणारा हात

श्रोतेहो, नमस्कार.

एक म्हातारा घर सोडून निघाला आहे. एकशे अकराव्या वाढदिवसाची मेजवानी नुकतीच आटोपली. साठ वर्षं जवळ बाळगलेली सोन्याची एक साधी अंगठी वारसासाठी मागे ठेवायची, असं त्यानं ठरवलंय. लिफाफ्यात घालून ठेवली आहे, असं तो जुन्या मित्राला सांगतोसुद्धा. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की लिफाफा आपल्याच खिशात आहे. मग तो बिथरतो. मला सापडली, माझी आहे, का देऊ? हात तलवारीच्या मुठीकडे जातो, तोही या मित्रावर. मित्र खडसावतो तेव्हा कुठे तो भानावर येतो. सामान उचलून दारापर्यंत जातो, तरी लिफाफा खिशातच. अखेर तो बाहेर काढून घड्याळाशेजारी ठेवायला जातो, तर ऐन वेळी हात झटक्यानं मागे येतो आणि लिफाफा जमिनीवर पडतो. मित्रच तो उचलून जागेवर ठेवतो.

हा बिल्बो, आणि मित्र म्हणजे जादूगार गँडाल्फ. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या १९५४ आणि १९५५ साली तीन खंडांत आलेल्या कादंबरीचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. पुढे लढाया आहेत, वेढे आहेत, राज्याभिषेक आहे. तरी सत्ता माणसाला कशी धरते हे मला सगळ्यात जास्त या प्रसंगात दिसतं. सत्ता म्हटलं की आपण सिंहासनाकडे बघतो. टॉल्किन आपल्याला खिशाकडे बघायला लावतात.

ही अंगठी सॉरॉन या कादंबरीतल्या दुष्ट सत्ताधीशानं घडवली, सगळ्यांची मनं एका मुठीत आणण्यासाठी. त्यासाठी त्यानं स्वतःच्या सामर्थ्याचा मोठा हिस्सा तिच्यात ओतला. पण ती हाती आली की चांगली माणसं का बिघडतात? दुष्ट बिघडतो यात नवल नाही. या कादंबरीचं मोठेपण असं, की इथे अंगठी बोलते ती ज्याच्या त्याच्या चांगुलपणाशी. ज्याचा जीव जिथे गुंतलाय, नेमकं तिथेच ती बोट ठेवते.

अंगठी नष्ट करायची कामगिरी बिल्बोच्या वारसाकडे, फ्रोडोकडे, येते. त्याच्या सोबत्यांतल्या बोरोमिरचं बघा. शूर योद्धा, गोंडोर राज्याच्या कारभाऱ्याचा थोरला मुलगा. त्याचं शहर शत्रूच्या दारात उभं आहे, माणसं रोज मरताहेत. अंगठी नष्ट करण्यापेक्षा ती शत्रूवरच का चालवू नये, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. फ्रोडोशी तो आधी गोडीनं बोलतो. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांपुढे मोहिमा उभ्या राहतात, विजय उभे राहतात, आणि शेवटी त्याला दिसतो तो एक थोर, दयाळू, शहाणा राजा: तो स्वतः. शहर वाचवायला निघालेला माणूस पाच-दहा वाक्यांत सिंहासनावर जाऊन बसतो. मग तो फ्रोडोवर झडप घालतो. भानावर आल्यावर ढसाढसा रडतो आणि लवकरच दोन लहानग्या सोबत्यांना वाचवताना बाणांनी विंधला जातो. मरताना अपराध कबूल करतो. मला बोरोमिरचा कधीच राग आलेला नाही. त्याच्या जागी आपण काय केलं असतं, हा प्रश्न मात्र दर वाचनात छातीवर बसतो.

गँडाल्फला हे पुरतं ठाऊक आहे. फ्रोडो अंगठी देऊ करतो तेव्हा तो कळवळून सांगतो, मला मोहात पाडू नकोस. माझ्या मनापर्यंत ती पोचेल ती दयेच्या वाटेनं, दुबळ्यांचं भलं करण्याच्या इच्छेतून. १९६३ सालच्या एका पत्रात टॉल्किननी लिहिलंय की अंगठीचा स्वामी झालेला गँडाल्फ सॉरॉनपेक्षाही वाईट ठरला असता. आपणच न्यायी आहोत या खात्रीनं त्यानं राज्य केलं असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो होतो. दुष्टाचा दुष्टपणा निदान ओळखू तरी येतो.

आणि मग सॅम. हा फ्रोडोच्या घरचा माळी. मालक मेला असं समजून अंगठी त्यानं स्वतःजवळ घेतली आहे आणि तो मॉर्डोरच्या, म्हणजे सॉरॉनच्या मुलखाच्या, सीमेवर एकटा उभा आहे. त्यालाही दृश्य दिसू लागतं. पेटत्या तलवारीचा महापराक्रमी सॅम, मागून दौडणारं सैन्य, आणि त्याच्या हुकमासरशी ते करपलेलं खोरं फुलाफळांची बाग होऊन जातं. माळ्याला दाखवायचं म्हणून बाग दाखवली! त्याला सावरतं एक म्हणजे मालकावरचं प्रेम. दुसरं त्याचं साधं, जमिनीवरचं शहाणपण. आपल्याला एवढं मोठं काही पेलायचं नाही, हे तो जाणतो. एक छोटीशी बाग, तीही स्वतःच्या हातांनी कसायची, एवढंच त्याचं मागणं. इतरांचे हात राबवायचे नाहीत. सत्तेची व्याख्या मला इथे मिळाली: दुसऱ्याचे हात आपल्या हुकमाखाली असणं.

फ्रोडोचं काय झालं ते ऐका. अगदी आरंभी, घरातल्या चुलाण्याशी बसून गँडाल्फ त्याला म्हणाला होता, बघ, नष्ट करायचा प्रयत्न कर. फ्रोडोनं ती आगीत टाकायची म्हणून मनाचा हिय्या केला, आणि पाहतो तर हातानं ती परत खिशात घातलेली. त्याच हातानं पुढे उपाशीपोटी, जखमी अंगानं ती डोंगराच्या पोटातल्या आगीपर्यंत नेली. आणि तिथे, अगदी कड्यावर, त्यानं सांगितलं की हे मी करणार नाही, अंगठी माझी आहे. एवढ्या यातना सोसलेला फ्रोडो हरतो. टॉल्किन त्याला दोष देत नाहीत; त्या जागी कुणाचीच इच्छाशक्ती पुरली नसती, असं ते मानतात.

काम होतं ते गोलममुळे. हा अंगठीचा बिल्बोच्या आधीचा धनी, ज्यानं तिच्यापायी सख्ख्या मित्राचा गळा दाबला होता. तो फ्रोडोचं बोट चावून तोडतो आणि आनंदाच्या भरात अंगठीसकट आगीत कोसळतो. तो जिवंत होता, कारण पूर्वी अंधाऱ्या भुयारात हाती तलवार असूनही बिल्बोनं त्याला मारलं नव्हतं.

त्या भुयाराविषयी एक सांगायलाच हवं. १९३७ साली ‘द हॉबिट’ ही टॉल्किन यांची बिल्बोवरची आधीची कादंबरी आली तेव्हा त्यातला गोलम अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी होता. पुढची कादंबरी लिहिताना टॉल्किनना उमगलं, की ही अंगठी कुणी राजीखुशीनं देणं शक्यच नाही. १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदललं, आणि जुनी हकिगत म्हणजे बिल्बोनं रचलेली थाप होती, असं कथेतच सांगून टाकलं. थापही अंगठीनंच वदवलेली.

सगळं संपल्यावर नऊ बोटांचा फ्रोडो बिल्बोला भेटायला येतो. बिल्बो आता फार थकलाय, मधूनच डुलकी घेतो. तो विचारतो, तू नेलीस ती माझी अंगठी कुठाय? फ्रोडो सांगतो, हरवली. अरेरे, म्हातारा म्हणतो, एकदा परत बघायची होती रे. मग त्याला आठवतं की ती नाहीशी करायलाच तर फ्रोडो गेला होता, आणि स्वतःच्या विसरभोळेपणावर चुकचुकत तो पुन्हा झोपी जातो.