तारीख उलटलेला संगणक

बटण दाबलं. पंखा घुरघुरला, डिस्क करकरली, पडदा उजळला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा संगणक असाच सुरू झाला, जणू काही घडलंच नाही.

यंत्राच्या बाबतीत खरोखरच काही घडलेलं नव्हतं. थांबली ती डागडुजी. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये फटी सापडतच राहतात आणि दर महिन्याचं अपडेट त्या बुजवतं. विंडोज ११ मधली एखादी फट बुजवली, की ते अपडेट उलगडून पाहणाऱ्याला तीच फट विंडोज १० मध्ये कुठे असेल याचा सुगावा लागतो. दुरुस्तीच चोराला वाट दाखवते.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो ज्या फटीतून शिरला, तिच्यावरचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. सगळे म्हणाले, २०१४ मध्ये देखभाल संपलेल्या विंडोज एक्सपीवाल्यांना भोवलं. प्रत्यक्षात बहुतेक बाधित यंत्रं विंडोज ७ ची होती. त्यांची देखभाल चालू होती, फक्त अपडेट कुणी टाकलेलं नव्हतं. तेव्हा ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबणाऱ्यांनी तारखेच्या नावानं फार बोटं मोडू नयेत.

मग विंडोज ११ का टाकत नाही? कारण ती या यंत्राला दारातच अडवते. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आडवाटेनं ती बसवता येते, पण पुढची अपडेट येतील याची हमी नाही. घरगुती विंडोज १० साठी नोंदणी करून सुरक्षा अपडेट घ्यायची मुदत मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर केली. तेवढी उसंत घ्यायला हरकत नाही.

आता डबा उघडू. सवयीनं आपण ज्याला सीपीयू म्हणतो, तो हा अख्खा डबा.

‘म्हातारा झालाय, हँग होतो,’ अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो. ही हार्ड डिस्क बघा. आत फिरत्या तबकड्या आणि त्यांवर इकडून तिकडे धावणारी सुई. प्रत्येक नव्या जागी पोचायला सुमारे १० मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पण संगणक सुरू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, तिच्यात हलणारा भागच नाही. तिला तोच मजकूर शोधायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो. डिस्क बदलली आणि रॅम ८ जीबी केली, की दहा वर्षांचं यंत्र ओळखू येत नाही. डिस्कला हात लावण्याआधी बॅकअप मात्र घ्यायचा, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायचा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल दिसतोय. सीआर२०३२. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला, की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि एकेक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागते. वेबसाइटच्या ओळखपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. संगणकाच्या लेखी ती तारीख अजून उजाडलेलीच नाही! लोक राउटर बदलतात, ब्राउझर पुन्हा टाकतात. सेल बदलून घड्याळ लावलं, की काम भागतं.

उलटंही होतं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची, म्हणजे ज्याच्या भरवशावर वेबसाइटांची ओळखपत्रं खरी मानली जातात त्याची, मुदत संपली आणि घड्याळ अचूक असलेल्या अनेक जुन्या यंत्रांवरही वेबसाइट उघडेनात.

रोजच्या वापरात पहिला हात टेकतो तो ब्राउझर. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला. बँकेचं काम अशा ब्राउझरमध्ये करू नये, इतकं साधं आहे.

मग लिनक्स, विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली. तिची मिंट ही आवृत्ती किंवा एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप असलेली एखादी हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि डिस्कला हात न लावता तिथूनच संगणक सुरू करायचा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर सापडतोय का, तासभर बघायचं. पटलं तर बसवायचं. प्रोसेसर जुन्या ३२-बिट प्रकारचा असेल तर पर्याय झपाट्यानं आटताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीनंही अशा संगणकांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी ती जाणत्या माणसाकडून काढून घ्या.

आणि कोपऱ्यातला हा दुसरा संगणक. याच्यावर अजून एक्सपी आहे, कारण शेजारच्या स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, त्यापुढच्या विंडोजसाठी कधी आलाच नाही. नेटवर्कची केबल काढलेली, वायफायचं कार्डही उपसून ठेवलेलं. जुने फोटो इथे स्कॅन होतात, पेन ड्राइव्हवर जातात आणि दुसऱ्या यंत्रावर तपासल्यावरच उघडले जातात. आता त्यावर शहाण्णवावा फोटो चाललाय.